उलट्या बाइटांची सुलट मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या एखाद्या कंपनीत नुकत्याच चिकटलेल्या आणि ‘बोर्ड पुढच्या महिन्यात येतोय, तोवर इम्युलेटरवर चालवून बघ’ असे ऐकून घेतलेल्या होतकरू माणसासाठी आहे. बोर्ड पुढच्या महिन्यात येत नसतो, हा पहिला धडा; तो फुकट. दुसरा धडा असा की इम्युलेटर म्हणजे तुमच्या लॅपटॉपातल्या प्रोसेसरने दुसऱ्या कुणा प्रोसेसरचे सोंग घेणे. सोंग कितीही छान वठले तरी सोंगाड्याच्या अंगच्या सवयी मधूनच डोकावतात. त्यातली सर्वांत चिवट सवय म्हणजे संख्येचे बाइट कोणत्या टोकाकडून वाचायचे ही. तिच्यापायी जेवढे रविवार नासले असतील तेवढे क्रिकेटपायीही नसतील.

साहित्य

इंटेल किंवा एएमडीचा लॅपटॉप एक. दोन्ही घराणी ‘लिटल एंडियन’, म्हणजे संख्येच्या लहान टोकाचा बाइट आधी ठेवणारी. इम्युलेटर एक, फाब्रिस बेलार या फ्रेंच गृहस्थाने २००३ साली लोकांपुढे ठेवलेला क्यूइम्यू उत्तम, कारण तो फुकट आहे आणि फुकट असूनही चालतो. डीबगर एक: जीडीबी, त्यातही नाना जातींचे प्रोसेसर ओळखणारा जीडीबी-मल्टिआर्च. कोरा कागद आणि पेन्सिल. कागदाला हसू नये. या मार्गदर्शिकेतले निम्मे आजार कागदावर चार चौकोन काढल्याने बरे होतात, आणि उरलेले निम्मे ते चौकोन न काढल्यामुळे झालेले असतात. चहा साहित्यात धरलेला नाही. तो लारीवरून येतच असतो.

कमांडी इथे कानाला ऐकू येतात तशा लिहिल्या आहेत. कीबोर्डवर त्या रोमनमध्येच टंकाव्यात, नाहीतर जीडीबी रुसतो.

आधी जीभ सैल करावी

हेक्समधली एक आठ अंकी संख्या घ्यावी: १२३४५६७८. दोन अंकांचा एक बाइट, असे चार बाइट. मेमरीत ओळीने चार घरे आहेत. ‘बिग एंडियन’ प्रोसेसर त्यांत १२, ३४, ५६, ७८ असे भरतो. ‘लिटल एंडियन’ भरतो ७८, ५६, ३४, १२. प्रकरण एवढेच आहे. बाइटाच्या आत मात्र कुणी हात घालत नाही. ७८ चे ८७ होत नाही. अतिउत्साही नवशिके तेही करून बसतात, म्हणून आधीच सांगून ठेवले.

‘उलटे कशाला ठेवायचे, सरळ ठेवता येत नाही का?’ असे विचारण्याआधी मोठ्याने म्हणावे: बाराशे चौतीस. सावकाश. ‘बारा’त दोन आधी, दहा मागून. ‘चौतीस’मध्ये चार आधी, तीस मागून. पण बाराशे मात्र चौतीसच्या आधी. कागदावर आपण लिहिले १, २, ३, ४ आणि तोंडातून बाहेर पडले २, १, ४, ३. दांडिया बाजारातले मराठी घर असो की शेजारचे गुजराती, हिशेब याच चालीने होतो आणि कुणाचा आकडा चुकत नाही. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या पीडीपी-११ या १९७० सालच्या यंत्रावर ३२ बिटांची संख्या अगदी अशीच ठेवली जायची: ३४, १२, ७८, ५६. मोठी जोडी आधी, पण जोडीच्या आत लहान आधी. अमेरिकन लोक याला ‘मिडल एंडियन’ म्हणून नाक मुरडतात. आपण मुरडू नये. आपण रोज भाजीवाल्याशी पीडीपी-११ च्या भाषेत बोलतो. आणि ‘ट्वेल्व्ह थर्टी-फोर’वाल्यांनीही फार मिरवू नये; थर्टीन ते नाइन्टीन त्यांची हीच गत.

निखळ लिटल एंडियन हवे असेल तर तेही घरातच आहे. गायकवाड ओरिएंटल सिरीज काढणाऱ्या आपल्या प्राच्यविद्यामंदिरात जुन्या पोथ्यांचा मोठा संग्रह आहे. अशा संस्कृत पोथ्यांत काल सांगायचा तर आकड्यांऐवजी शब्द घालण्याची रीत होती: वेद म्हणजे चार, नेत्र म्हणजे दोन. ‘वेद-नेत्र’ वाचून बेचाळीस म्हणालात की फसलात. पहिला शब्द एकं स्थानाचा, म्हणून चोवीस. तेव्हा ‘हे इंटेलचे खूळ’ असे म्हणून विषय टाळता येणार नाही.

भांडणाची हकीकत, थोडक्यात

जोनाथन स्विफ्टच्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मध्ये (१७२६) उकडलेले अंडे मोठ्या टोकाकडून फोडायचे की लहान टोकाकडून यावरून दोन राज्यांत लढाई जुंपते. डॅनी कोहेन नावाच्या संगणकतज्ज्ञाने १ एप्रिल १९८० च्या टिपणात त्यावरून ‘बिग एंडियन’ आणि ‘लिटल एंडियन’ ही नावे बाइटांच्या भांडणाला चिकटवली. तारीख एप्रिल फूलची, पण म्हणणे गंभीर होते: कुठला क्रम चांगला हा प्रश्न नाही, सगळ्यांनी एक धरा म्हणजे झाले. सगळ्यांनी ते वाचले, मान डोलावली आणि आपापलाच क्रम धरला. आयबीएमचे सिस्टिम/३६० (१९६४) आणि मोटोरोलाचा ६८००० (१९७९) मोठ्या टोकाचे. इंटरनेटचे प्रोटोकॉलही मोठ्या टोकाचे. इंटेल लहान टोकाचा, आणि त्याचे कारण तत्त्वबित्त्व काही नाही. डेटापॉइंट २२०० नावाच्या टर्मिनलमध्ये बिट एकामागून एक असे सरकत यायचे. बेरीज करताना हातचा पुढे न्यायचा तर लहान टोक आधी हाती यावे लागते. त्या यंत्रासाठी म्हणून आखलेला ८००८ इंटेलने १९७२ साली बाजारात आणला, त्यातला हा क्रम ८०८० ने घेतला, त्याचा ८०८५ ने, त्याचा पुढच्यांनी. आजचा तुमचा लॅपटॉप एका विसरल्या गेलेल्या टर्मिनलचा हातचा अजून वाहतो आहे.

पहिला प्रयोग: ८०८५

इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या भारतीय माणसाच्या कपाटात रमेश गावकरांचे ८०८५ वरचे जाडजूड पुस्तक असतेच. नसले तर कुणीतरी नेऊन परत केलेले नसते. ते काढावे. किट मिळाले तर किट, नाहीतर जीएनयूसिम८०८५ हा सिम्युलेटर घ्यावा. पत्ता २००० पासून पुढे सात बाइट भरावेत:

२१ ३४ १२ २२ ५० २० ७६

२१ म्हणजे ‘एलएक्सआय एच’: पुढची दोन बाइटांची संख्या एच आणि एल या जोडीत ठेव. संख्या आहे १२३४, पण आत गेली ३४ आणि मग १२. २२ म्हणजे ‘एसएचएलडी’: ती जोडी मेमरीत उतरव. पत्ता आहे २०५०, पण लिहिला ५० आणि मग २०. ७६ म्हणजे थांब. चालवावे. २०५० वर ३४ दिसेल, २०५१ वर १२. इथवर सगळे ठीक.

आता मुद्दाम चुकावे. संख्या ‘सरळ’ भरावी: २१ १२ ३४. चालवून २०५० पाहावे. तिथे १२ आणि पुढे ३४. वा! डावीकडून उजवीकडे १२३४, अगदी मनासारखे. नवशिक्या इथे पेन खाली ठेवतो आणि सेव-उसळ खायला जातो. प्रत्यक्षात जोडीत ३४१२ भरले गेले आहे. भरताना एकदा उलटले, वाचताना तुम्ही डोळ्यांनी पुन्हा उलटले, आणि दोन चुकांनी मिळून एक बरोबर उत्तर तयार केले. त्या जोडीत एक मिळवायला सांगा, मग खरे रूप दिसेल: ३४१३, म्हणजे मेमरीत १३ ३४. बेरीज भलत्याच टोकाला लागली.

पत्ता उलटला तर मात्र सोंग लगेच उघडे पडते. २२ २० ५० लिहिले की संख्या निघते ५०२० कडे, जिथे किटवर मेमरी असेलच असे नाही, आणि २०५० वर जुनाच कचरा तसाच पडून राहतो. हे चांगले. जी चूक तिथल्या तिथे बोंब मारते तिच्याशी वैर नसावे. खरी वैरीण वरची ती, बरोबर दिसणारी.

वाचणारा कोण, हे आधी विचारावे

वरच्या प्रयोगातून एवढे निघते की मेमरीला क्रम माहीत नसतो. २०५० वर एक बाइट, २०५१ वर एक बाइट, संपले. क्रम उपजतो तो कुणीतरी दोन किंवा चार बाइट एका घासात वाचतो तेव्हा. म्हणून ‘ही मेमरी लिटल की बिग?’ हा प्रश्नच चुकीचा आहे. ‘आत्ता कोण वाचतंय?’ असे विचारावे. साध्या संगणकावर वाचणारा एकच. इम्युलेटरवर ते किमान चार असतात: ज्याचे सोंग घेतले तो पाहुणा प्रोसेसर, सोंग घेणारा यजमान, बाहेर बसून टिपणे घेणारा डीबगर, आणि हेक्सडंप उघडून बसलेले तुम्ही. चौघांत एकाचा जरी समज वेगळा असला तरी आकडा उलटा दिसतो. गंमत म्हणजे बहुतेक वेळा पाहुणा बरोबर असतो आणि बाहेरचे तिघे त्याला दुरुस्त करायला निघतात.

आता खरे काम

समजा, मिप्स जातीच्या प्रोसेसरचे फर्मवेअर हाती आले आहे. घरोघरच्या राउटरमध्ये ही जात वर्षानुवर्षे नांदली, काही लिटल तर काही बिग. जातीवरून क्रम कळत नाही. मिप्स दोन्हीकडून वाचू शकतो.

फाइलला विचारावे. ‘फाइल’ नावाचीच कमांड आहे. ती ‘एमएसबी’ म्हणाली तर मोठे टोक, ‘एलएसबी’ म्हणाली तर लहान. तिच्यावर भरवसा नसेल तर ईएलएफ फाइलचा सहावा बाइट स्वतः पाहावा: १ असेल तर लिटल, २ असेल तर बिग. एकाच बाइटात लिहिल्यामुळे तो तरी कुणी उलटा वाचू शकत नाही. ज्याने ही जागा ठरवली त्याचे पाय धरावेत.

मग क्यूइम्यू निवडावा. ‘क्यूइम्यू-सिस्टम-मिप्स’ बिगसाठी, ‘क्यूइम्यू-सिस्टम-मिप्सेल’ लिटलसाठी. शेवटच्या ‘एल’पायी अर्धा दिवस जाऊ शकतो. सुरू करताना ‘हायफन मोठा एस, हायफन लहान एस’ असे दोन्ही द्यावेत; मोठ्याने प्रोसेसर पहिल्या सूचनेवर थबकतो, धाकट्याने डीबगरसाठी १२३४ क्रमांकाचे पोर्ट उघडते.

डीबगर जोडावा आणि पीसी, म्हणजे पुढच्या सूचनेचा पत्ता, पाहावा. मिप्स जागा होतो तेव्हा तो बीएफसी००००० असायला हवा. त्याऐवजी ००००सी०बीएफ दिसला तर घाबरू नये, क्यूइम्यूला शिव्या देऊ नयेत, पुन्हा इन्स्टॉल तर मुळीच करू नये. ‘शो एंडियन’ विचारावे, ‘लिटल’ असे उत्तर येईल, ‘सेट एंडियन बिग’ म्हणावे, झाले. चिन्हांची फाइल न देता डीबगर जोडला की तो स्वतःच्या समजुतीने चालतो, आणि त्याची समजूत लॅपटॉपवर घडलेली असते. मात्र ‘जी पॅकेटचे उत्तर फार लांब’ अशी तक्रार आली तर ते दुखणे निराळे: तिथे ३२ आणि ६४ बिटांचा घोळ आहे. त्यावर एंडियनचे औषध घेऊ नये.

मेमरी पाहताना आधी बाइट पाहावेत, मग शब्द. ‘एक्स स्लॅश आठ एक्स बी’ आधी, ‘एक्स स्लॅश दोन एक्स डब्ल्यू’ नंतर. पहिलीत डीबगर पत्त्याच्या क्रमाने एकेक घर दाखवतो, त्यात मत मिसळत नाही. दुसरीत तो मत देतो. बातमी आणि अग्रलेख वेगळे वाचावेत.

हेच यजमानाच्या बाजूला. लिनक्सवरचा ‘हेक्सडंप’ नुसता चालवला तर तो दोन-दोन बाइट घेऊन ते लॅपटॉपच्या क्रमाने छापतो, आणि फाइलमधले १२ ३४ पडद्यावर ३४१२ होते. ‘हायफन मोठा सी’ जोडावा, किंवा ‘एक्सएक्सडी’ वापरावा. फाइल बिघडली म्हणून पुरवठादाराला रात्री फोन करण्याआधी एवढे करावेच.

इम्युलेटर लिहिणाऱ्यांच्या काही युक्त्याही माहीत असाव्यात. ६८००० चे सोंग लिटल यंत्रावर आणताना पुष्कळजण मेमरी आधीच जोडीजोडीने उलटून ठेवतात, म्हणजे १६ बिटांचे वाचन झटपट होते. एकटा बाइट हवा असेल तेव्हा पत्त्याचा शेवटचा बिट उलटवून शेजारच्या घरातून उचलतात. पाहुण्याला काहीच कळत नाही. तुम्ही मात्र बाहेरून ती मेमरी उघडलीत तर ३४ १२ ७८ ५६ दिसते. बाराशे चौतीस! सोंगाड्याची ही सोय आहे, दोष नव्हे.

हात बसवण्यासाठी निन्टेन्डो ६४ च्या खेळांच्या फाइली बऱ्या. १९९६ च्या त्या खेळयंत्रातला प्रोसेसर मिप्स, बिग एंडियन. त्याच्या रॉमचे पहिले चार बाइट ८० ३७ १२ ४० असतात. पण कॉपी काढणाऱ्या यंत्रांनी आपापली चाल लावली, त्यामुळे काही फाइली ३७ ८० ४० १२ ने सुरू होतात आणि काही ४० १२ ३७ ८० ने. इम्युलेटर पहिले चार बाइट पाहतो आणि बाकीचे मुकाट्याने सरळ करून घेतो. दारातच ओळख पटवायची ही रीत उत्तम. आपल्या फाइलींतही अशी खूण ठेवावी. मजकुराच्या फाइलींत अशी खूण असते, तिच्याकडे येतोच.

२३० व्होल्ट

बडोद्याच्या कारखान्यांत एंडियन भेटतो तो मात्र खेळांत नव्हे, पॅनेलवरच्या मीटरमध्ये. मॉडिकॉन कंपनीने १९७९ साली काढलेला मॉडबस प्रोटोकॉल अजून ठणठणीत आहे. त्यात एक रजिस्टर १६ बिटांचे, वरचा बाइट आधी पाठवायचा, हे ठरलेले. पण व्होल्टेजसारखी अपूर्णांकी संख्या असते ३२ बिटांची, ती दोन रजिस्टरांत बसते, आणि त्यांतले कुठले आधी हे प्रोटोकॉलमध्ये लिहिलेलेच नाही. ज्याने त्याने मनाला येईल तसे केले.

२३०.० ही संख्या प्रचलित फ्लोट पद्धतीत ४३ ६६ ०० ०० अशी लिहितात. कागदावर चार चौकोन काढून चारही मांडण्या कराव्यात. ४३ ६६ ०० ०० वाचले: २३०. छान. जोडीजोडीने उलटले, ६६ ४३ ०० ००: वाचन येते २.३ गुणिले दहाचा तेविसावा घात, म्हणजे साधारण २३० आणि पुढे एकवीस शून्ये. योगायोगाने सुरुवात २३० च असल्यामुळे ‘फक्त दशांशचिन्ह सरकलंय’ असे वाटून लोक भागाकार करत सुटतात. करू नये. २२० व्होल्टला तो हिशेब जुळणार नाही. जोड्यांची अदलाबदल झाली, ०० ०० ४३ ६६, किंवा सगळेच उलटले, ०० ०० ६६ ४३: संख्या इतकी सूक्ष्म की पडद्यावर ०.०० दिसते. डोक्यावर ट्यूबलाइट जळते आहे, पंखा गरगरतो आहे, आणि तुमचे सॉफ्टवेअर सांगते वीज गेली. साहेब येऊन ‘थई गयुं?’ विचारतात ते नेमके याच क्षणी.

त्यातून सीआरसी बरोबर येतो, मग नवशिक्या म्हणतो, डेटा चुकीचा कसा असेल? सीआरसी फक्त एवढेच सांगतो की बाइट वाटेत बिघडले नाहीत. ते कुठल्या क्रमाने जोडायचे हे तो सांगत नाही. शिवाय मॉडबस आरटीयूमध्ये डेटा वरच्या बाइटने सुरू होतो आणि तोच सीआरसी मात्र खालच्या बाइटने. एकाच निरोपात दोन्ही पंथ. यावर संताप व्यक्त करून उपयोग नाही, टिपून ठेवावे.

मीटरचे फर्मवेअर इम्युलेटरवर चालवताना ही चारही उत्तरे आधीच पाहून घेता येतात. बोर्ड उशिरा येण्याचा हा एकमेव फायदा. तपासणीसाठी ० किंवा सगळे एफ वापरू नयेत. ते कुठूनही वाचले तरी तेच. १२३४५६७८ वापरावे, कारण त्यातले चारही बाइट वेगळे आहेत आणि चेहऱ्यावरूनच ओळखू येतात.

लक्षणांवरून निदान

पडद्यावर १६७७७२१६ दिसले तर ते १ आहे. ३३५५४४३२ दिसले तर २. २५६ दिसले आणि अपेक्षा १ ची होती, तर १६ बिटांचा उलटा. ८० क्रमांकाच्या पोर्टाऐवजी प्रोग्राम २०४८० वर कान लावून बसला असेल तर तेच. लूप एकदाच फिरायचा आणि तो एक कोटी सदुसष्ट लाख वेळा फिरतोय, लॅपटॉप इस्त्रीसारखा तापलाय, तरी वर पाहावे.

इंग्रजी मजकूर नीट आणि आकडे तेवढे उलटे, असे असेल तर निदान पक्के: एका बाइटाच्या अक्षरांना क्रम बाधत नाही. मजकूर जोडीजोडीने उलटा असेल तर कुणीतरी सरसकट अख्खी फाइल उलटली आहे. पीडीपी-११ वरचे युनिक्स दुसऱ्या यंत्रावर नेताना पडद्यावर ‘नक्सी’ उमटण्याचा हाच प्रकार. त्या घोळाला तेच नाव पडले.

देवनागरीचे थोडे निराळे. यूटीएफ-८ मध्ये लिहिलेत तर क्रमाची भानगडच नाही. शक्यतो तेच करावे. पण एखाद्या डिस्प्लेच्या फर्मवेअरला १६ बिटांची अक्षरे लागतात आणि मग मजा येते. ‘वडोदरा’ लिटल क्रमाने लिहून बिग प्रोसेसरला वाचायला द्यावे. ‘व’ आहे ०९३५, त्याचे होते ३५०९, एक चिनी अक्षर. ‘र’ म्हणजे ०९३०, त्याचा ३००९, उजवा कोनी कंस. काना आणि ओकार हेही चिनी होऊन बसतात. ‘ड’ म्हणजे ०९२१, त्याचे २१०९, फॅरनहाइट अंशाचे चिन्ह. आणि ‘द’ म्हणजे ०९२६, त्याचे २६०९: सूर्य. जुन्या वळणाने ‘बडोदे’ लिहिले तर ‘ब’ जुन्या स्लाव्ह लोकांच्या ग्लागोलिटिक लिपीत जातो, पण फॅरनहाइट आणि सूर्य जागचे हलत नाहीत. मे महिन्यात इथे राहिलेल्या कुणालाही युनिकोडचे हे म्हणणे खोडून काढता येणार नाही. अशा फाइलीच्या तोंडाशी एफईएफएफ ही खूण ठेवण्याची सोय आहे. ती एफएफएफई अशी उलटी भेटली की वाचणाऱ्याने ओळखावे, कारण त्या क्रमांकाला अक्षर द्यायचेच नाही असे युनिकोडने ठरवून टाकले आहे.

पथ्य

‘उलटव’ हे फंक्शन दिसेल तिथे शिंपडू नये. एकदा शिंपडले, चालले नाही; दुसऱ्यांदा शिंपडले, चालले; म्हणजे दुसरे बरोबर असे नव्हे. दोन्ही एकमेकांना खाऊन बसले असतील आणि पुढचा माणूस त्यांतले एक काढून टाकेल. बाहेरून बाइट आत येतात त्या उंबऱ्यावर एकदा, आतून बाहेर जातात तिथे एकदा; मधल्या घरात संख्या ही संख्याच असावी.

उलटवताना मापाने उलटवावे. दोन १६ बिटांचे आकडे शेजारी असतील आणि तुम्ही चार बाइटांचा घास घेऊन उलटलात तर आकडे तर उलटलेच, शिवाय त्यांनी जागाही बदलल्या.

इम्युलेटरमधल्या प्रत्येक उपकरणाला स्वतःचे मत असते हे विसरू नये. पीसीआयवरची उपकरणे लिटल, मग प्रोसेसर कितीही बिग असो. क्यूइम्यूमध्ये उपकरण लिहिणाऱ्याला त्याचा क्रम सांगावा लागतो, आणि अनुभव असा की घाईत सांगितलेले इथेच चुकते. एआरएमच्या नव्या पिढ्यांत तर डेटा बिग आणि सूचना मात्र लिटल अशी सोयही आहे. तेव्हा सूचना नीट उलगडल्या म्हणून डेटाही नीट असेल असे धरू नये.

साहेबांना हे सगळे समजावण्याच्या फंदात पडू नये. ‘क्रमाचा प्रश्न होता, सुटला’ एवढे पुरते. ‘एंडियन’ शब्द काढलात तर ते ‘इंडियन’ ऐकतात आणि चर्चा आयात शुल्काकडे वळते.

मीटर, ड्राइव्ह आणि रिले बनवणाऱ्या इथल्या मंडळींना मात्र हात जोडून एक सांगणे आहे. मॅन्युअलमध्ये रजिस्टरांचा तक्ता छापताच आहात, तर त्याखाली एक ओळ वाढवा: ‘२३०.० व्होल्ट असताना पहिल्या रजिस्टरात ४३६६, दुसऱ्यात ००००.’ तुमच्याकडे उलटे असेल तर उलटे छापा, आम्हाला दोन्ही चालते. छापा म्हणजे झाले.